टोकियोतला सुशी काउंटर: खुर्चीवर बसण्याआधीची तयारी

टोकियोची तिकिटं काढून झाली की सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास विचारतं, ‘त्या सिनेमातल्या सुशीच्या दुकानात जायचं का?’ मग बाकीचे प्रश्न येतात. एका माणसाला खरंच वीस हजार रुपये लागतात का? मेनूकार्ड नसतं म्हणजे मागवायचं कसं? बायको शाकाहारी आहे, ती नुसती शेजारी बसली तर चालेल? हाताने खायचं की काड्यांनी? टिप किती ठेवायची?

सिनेमा म्हणजे डेव्हिड गेल्ब यांचा २०११ सालचा माहितीपट, ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’. १९२५ साली जन्मलेले जिरो ओनो आणि गिन्झा भागातल्या एका इमारतीच्या तळघरातलं त्यांचं ‘सुकियाबाशी जिरो’ हे दहा खुर्च्यांचं दुकान त्याने जगभर पोचवलं. एप्रिल २०१४ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी बराक ओबामांना जेवायला नेलं ते इथेच. टोकियोच्या पहिल्या मिशलिन गाइडपासून या दुकानाला तीन तारे होते. २०१९ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत मात्र त्याचं नाव नव्हतं. चव घसरली म्हणून नव्हे, तर सर्वसामान्यांना तिथे थेट बुकिंग मिळत नाही म्हणून. ‘सुशी साइतो’ हे दुसरं नावाजलेलं दुकानही त्याच वर्षी त्याच कारणाने गाइडबाहेर गेलं.

अशा दुकानांत अवघड असतं ते आत शिरणं. खाणं त्या मानाने सोपं. एकदा खुर्चीवर बसलात की पाहुण्याने ठरवावं असं जवळजवळ काहीच उरत नाही. कोणता मासा, किती, कोणत्या क्रमाने हे सगळं शेफ ठरवतो. या पद्धतीला ‘ओमाकासे’ म्हणतात. त्यामुळे तुमचं म्हणणं मांडायची जागा एकच, ती म्हणजे बुकिंग. तिथे जे सांगायचं राहिलं, ते काउंटरवर सांगून सहसा उपयोग होत नाही.

आधी ठरवा: तिथेच जायचं आहे का?

हाताने वळलेली निगिरी सुशी जन्मली ती रस्त्यावर. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई यांनी ती लोकप्रिय केली असं मानलं जातं. गाडीपाशी उभं राहून दोन घास खायचे आणि कामाला लागायचं, असं ते खाणं होतं. त्यामुळे स्वस्तातली सुशी म्हणजे नकली सुशी, हा समज डोक्यातून काढून टाका. पर्याय साधारण असे:

- फिरत्या पट्ट्यावरची सुशी: ‘सुशिरो’, ‘कुरा’ यांसारख्या साखळ्या. बशीगणिक दाम, टॅबलेटवर इंग्रजी मेनू आणि मुलांसाठी खुर्च्या. कच्चा मासा आपल्याला झेपतो का, हे पाहायला यापेक्षा बरी जागा नाही.
- उभ्याने खायची दुकानं आणि बाजारातली दुकानं: घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला, तरी त्सुकिजीचा बाहेरचा बाजार आजही चालू आहे. दोन्हीकडे खाता येतं. नामांकित दुकानांपुढे रांग लावावी लागते.
- दुपारचा काउंटर: तोच शेफ, तोच भात, थोडे कमी घास आणि अनेक ठिकाणी रात्रीच्या निम्म्याच्या आसपास दर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच पर्याय निवडावा, हे निःसंकोच सांगता येईल.
- रात्रीचं ओमाकासे: आठ-दहा खुर्च्या, दीड ते दोन तास. गिन्झात माणशी ३०,००० येन आणि त्याहून वर. जिरोसारख्या ठिकाणी मात्र सुमारे वीस घास अर्ध्या तासाच्या आसपास संपतात. गप्पा मारत रेंगाळायचं असेल तर ती जागा तुमची नव्हे.

घरात एक जण शाकाहारी असेल तर

मराठी घरांतून येणाऱ्या प्रश्नांत हा सगळ्यात मोठा. ‘मी फक्त चहा घेईन’ ही तडजोड इथे चालत नाही. आठ खुर्च्यांच्या दुकानात प्रत्येक खुर्ची म्हणजे एक पूर्ण जेवण. नुसतं बसणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी जागा मिळत नाही, किंवा पूर्ण पैसे पडतात.

‘तिला भाज्यांची सुशी द्या’ असं सुचवणंही सोपं नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं ‘दाशी’ हे पाणी बहुधा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेला कात्सुओ मासा यांचं असतं. ते सूपमध्ये असतं, अनेकदा सोया सॉसच्या मिश्रणातही. शेवटी येणारी अंड्याची पिवळी वडी शाकाहारी नाहीच, पण अंडं चालणाऱ्यांनीही सावध राहावं, कारण जुन्या पद्धतीत तिच्यात कोळंबी किंवा पांढऱ्या माशाचं वाटण घालतात. काकडीची गुंडाळी, ‘काप्पामाकी’, त्यातल्या त्यात सुरक्षित. ‘काम्प्यो’ नावाची गुंडाळी दिसली तर मराठी माणसाला गंमत वाटेल. आत असतात त्या दुधी भोपळ्याच्या वाळवलेल्या, गोडसर शिजवलेल्या पट्ट्या. मात्र त्या शिजवतानाही दाशी वापरलेलं असू शकतं.

म्हणून सरळ मार्ग असा: मासे खाणाऱ्यांनी दुपारी काउंटर गाठावा, शाकाहारी मंडळींनी तो वेळ दुसरीकडे घालवावा आणि रात्री सगळ्यांनी मिळून ‘शोजिन र्‍योरी’, म्हणजे बौद्ध मठांच्या परंपरेतलं शाकाहारी जेवण घ्यावं. तिथेही बुकिंग करताना ‘माशाचं दाशी नको’ असं स्पष्ट लिहा. परंपरा शाकाहारी असली तरी आजच्या सगळ्याच उपाहारगृहांत ती तंतोतंत पाळली जाते असं नाही.

शिवाय श्रावण, संकष्टी किंवा गुरुवार पाळत असाल तर तारीख घेण्याआधी पंचांग बघा. बुकिंग रद्द करणं किती महाग पडतं, ते पुढे येईलच.

ॲलर्जी, गर्भारपण आणि कच्च्या माशाची धास्ती

जपानमध्ये कोळंबी, खेकडा, गहू, बकव्हीट, अंडं, दूध, शेंगदाणे आणि अक्रोड यांचा उल्लेख पाकीटबंद पदार्थांवर करावाच लागतो. उपाहारगृहात वाढलेल्या ताटाला तो नियम लागू नाही. त्यामुळे विचारण्याची जबाबदारी तुमची. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, हे ग्लुटेन न चालणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कवचधारी जलचरांची ॲलर्जी तीव्र असेल तर ओमाकासे टाळलेलंच बरं. एकाच काउंटरवर एकाच शेफचे हात सगळ्यांचे घास वळत असतात.

जंतांची भीती अगदीच निराधार नाही. ‘अनिसाकिस’ हा परजीवी मॅकरेल, स्क्विड अशा जलचरांत सापडतो आणि खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळा येऊ शकतात. व्हिनेगर, मीठ किंवा वासाबीने तो मरत नाही. तो मरतो ते पुरेसा काळ गोठवल्याने (जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचनेनुसार उणे २० अंशांखाली किमान २४ तास) किंवा शिजवल्याने. कसलेले शेफ मासा डोळ्यांनी बारकाईने तपासतात. धोका त्यामुळे कमी होतो, शून्य होत नाही. सुशी खाल्ल्यानंतर अशी कळ आली तर ‘पाणी बदललं असेल’ म्हणून ओवा खात बसू नका. डॉक्टरकडे जा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं सांगा.

गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. ब्लूफिनसारख्या मोठ्या ट्यूनात पारा जास्त असल्याने गर्भवतींसाठी जपान सरकारनेच तो मर्यादेत खाण्याची सूचना दिलेली आहे.

बुकिंग: कुठे, कधी, कसं

काही दुकानं ओळखीशिवाय नवा पाहुणा घेतच नाहीत. त्यात अपमान मानू नका, हट्टही धरू नका. बाकीच्यांसाठी दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे तुमच्या हॉटेलातला कन्सिअर्ज, पाहुण्यांची बुकिंगं करून देणारा कर्मचारी. चांगल्या हॉटेलाच्या शब्दाला वजन असतं, कारण पाहुणा आला नाही तर दुकान हॉटेलाला जबाबदार धरू शकतं. दुसरा रस्ता इंग्रजीत चालणाऱ्या ‘टेबलचेक’, ‘ओमाकासे’, ‘पॉकेट कन्सिअर्ज’ यांसारख्या सेवांचा. यांतल्या काही माणशी वेगळं शुल्क घेतात. कार्डाचा नंबर देण्याआधी तो आकडा बघा. टोकियोत जपानी बोलणारा आप्त-मित्र असेल (एदोगावा वॉर्डात, विशेषतः निशिकासाईत, भारतीयांची मोठी वस्ती आहे), तर एक फोन बरंच काम करून जातो.

- अनेक दुकानांचं बुकिंग एक-दोन महिने आधी, ठरलेल्या तारखेला ठरलेल्या वेळी उघडतं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले सकाळचे १० म्हणजे आपल्याकडचे साडेसहा.
- तोयोसूचा बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, म्हणून कित्येक दुकानंही त्या दिवशी बंद. नववर्ष आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन सण हे दिवसही टाळा.
- दोघांची जागा मिळणं सोपं, चौघांची अवघड. सहा-आठ जणांना एका रांगेत बसून एकमेकांशी बोलता येत नाही, ते वेगळंच.
- मुलांबद्दल आधी विचारा. पूर्ण जेवण न घेणाऱ्या लहानग्यांना अनेक ठिकाणी प्रवेश नसतो.
- न चालणारे पदार्थ नेमक्या शब्दांत लिहा. ‘मसालेदार नको’ निरुपयोगी. ‘ऑक्टोपस आणि शिंपले नकोत, मद्य घेणार नाही’ उपयोगी. यादी सहा-सात नावांवर गेली तर ओमाकासे आपल्यासाठी नाही, असं खुशाल समजा.

रद्द केलं तर काय?

इथे आपली मंडळी अडकतात. ‘बघू, आज पाय दुखताहेत’ हे जपानमध्ये फार महागात पडतं. त्या दिवशीचा मासा तुमच्या नावाने सकाळी बाजारातून आलेला असतो, आणि आठांतल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या की पाव धंदा बुडतो. उपाहारगृहांत न येणाऱ्या पाहुण्यांमुळे वर्षाला सुमारे २०० अब्ज येनचं नुकसान होतं, असा अंदाज २०१८ मध्ये जपानच्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात मांडला गेला. तेव्हापासून कार्डावर रक्कम राखून ठेवण्याची पद्धत रुळत गेली. त्याच दिवशी रद्द केल्यास अनेक ठिकाणी १०० टक्के रक्कम कापतात, दोन-तीन दिवस आधी केल्यास काही भाग. नियम दुकानागणिक बदलतो, म्हणून अट वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा. जपानला उतरता त्याच दिवशी रात्रीचं बुकिंग करू नका. विमान उशिरा आलं ही सबब बहुतेक ठिकाणी चालत नाही.

पैशाचा हिशेब

जपानमध्ये एप्रिल २०२१ पासून ग्राहकाला दाखवायची किंमत उपभोग करासह दाखवणं बंधनकारक आहे. उपाहारगृहात बसून खाण्यावर हा कर १० टक्के आहे. सेवाशुल्क मात्र वेगळं लागू शकतं. समजा, करासह ३३,००० येन लिहिलं आहे आणि १० टक्के सेवाशुल्क आहे. माणशी ३६,३०० येन झाले. येनचा भाव ५५ ते ६० पैसे धरला तर साधारण २० ते २२ हजार रुपये, दोघांचे ४० ते ४४ हजार.

या हिशेबात न धरलेल्या तीन गोष्टी बिल फुगवतात:

- पेय. हिरवा चहा सहसा फुकट, बाटलीबंद पाणी नाही. साके मागवताना दर विचारा. उंची दुकानात भाव लिहिलेला नसला तरी विचारण्यात काही गैर नाही. मद्यपानाचं वय तिथे २० आहे.
- जादा घास. शेवटी शेफ विचारतो, ‘आणखी काही?’ इथून पुढची प्रत्येक निगिरी वेगळी मोजली जाते.
- कार्ड. भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा जादा आकार बहुधा दोन ते साडेतीन टक्के असतो, त्यावर जीएसटी. यंत्राने ‘रुपयांत की येनमध्ये’ विचारलं तर येनच निवडा. रुपयांत दाखवलेला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. काही जुनी दुकानं रोखच घेतात, तेही बुकिंगच्या वेळी विचारून ठेवा.

टिप? ठेवू नका. जपानमध्ये ती पद्धत नाही, आणि ठेवलेले पैसे परत द्यायला कुणीतरी तुमच्यामागे रस्त्यावर धावत येईल.

काउंटरवर

गिन्झातली दुकानं तळघरात किंवा सातव्या-आठव्या मजल्यावर असतात, पाटी अनेकदा फक्त जपानीत. इमारत अर्धा तास आधी शोधून ठेवा, आत मात्र ठरल्या वेळेच्या पाचेक मिनिटं आधी शिरा. सगळ्या पाहुण्यांचं जेवण एकदम सुरू होतं. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात तर हुकलेले घास पुन्हा मिळत नाहीत.

अत्तर, परफ्यूम, वासाचं केसांचं तेल, जेवणाआधीचा पानमसाला हे सगळं त्या दिवशी बंद. आठ जणांच्या खोलीत एकाचं अत्तर सगळ्यांचा मासा खातं. काउंटर अनेकदा हिनोकी लाकडाच्या अखंड फळीचा असतो, रंगरोगण न केलेला. त्यावर मोबाइल, पर्स ठेवू नका. अंगठ्या, कडी, जड घड्याळ काढून ठेवलंत तर शेफच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल. फोटो विचारून काढा, आणि काढलात तरी एकच.

हाताने खाल्लेलं चालतं. चालतं कसलं, निगिरीला तेच सोयीचं. ओला रुमाल त्याचसाठी दिलेला असतो. आपल्याला हे शिकवायला नको. घास समोर आला की लगेच, एका दमात तोंडात टाका. भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो आणि ती ऊब टिकते जेमतेम मिनिटभर. बहुतेक घासांवर शेफनेच सोया सॉसचा हात फिरवलेला असतो, म्हणून वाटी मागू नका. वासाबीही आतच असते. नको असेल तर ‘साबि नुकि’ म्हणा. गुलाबी-पांढरं आलं हे दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला, माशावर ठेवायला नव्हे. भात जास्त होतोय असं वाटलं तर कमी करायला सांगा. तो अपमान समजला जात नाही. काड्या भातात उभ्या खोचू नका, काड्यांतून काड्यांत घास देऊ नका. दोन्हींचा संबंध तिथल्या अंत्यविधीशी आहे.

समोर काय येणार?

कोकणातल्या, गोव्यातल्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ट्यूना म्हणजे आपला कुपा, त्याच कुळातला थंड पाण्यातला ब्लूफिन इथे मानकरी. लाल मांस ‘आकामी’, पोटाकडचं चरबीदार ‘चूतोरो’ आणि सर्वांत स्निग्ध ‘ओतोरो’, असा चढता क्रम. याच माशासाठी जानेवारी २०१९ मध्ये तोयोसूच्या वर्षारंभीच्या लिलावात ‘सुशी झानमाई’चे मालक कियोशी किमुरा यांनी २७८ किलोच्या एका ट्यूनाला ३३ कोटी ३६ लाख येन मोजले. तो जाहिरातीचा भाव; रोजच्या बाजाराशी त्याचा संबंध नाही.

शेफची पारख ओतोरोवर होत नाही, कारण चरबी कुणालाही आवडते. ती होते ‘कोहादा’वर. आपल्या तारलीएवढा हा चंदेरी, स्वस्त मासा मिठात आणि व्हिनेगरमध्ये किती मिनिटं ठेवायचा, हे त्या दिवसाच्या हवेवर आणि माशाच्या जाडीवर ठरतं. जुने खवय्ये तोच आधी बघतात. ‘साबा’ हा बांगड्याच्या जातकुळीतला, ‘अनागो’ वाम माशासारखा, पण मऊ शिजवून गोडसर सॉस लावलेला. ‘इका’ म्हणजे माकूळ, ‘एबी’ कोळंबी, ‘इकुरा’ सॅमनची गाबोळी. ‘उनी’ हा सी अर्चिनचा पिवळा बीजकोश. आवडला तर फार आवडतो, नाही तर दुसऱ्यांदा नको होतो. कच्च्या माशाला बिचकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की यातले कितीतरी घास मुरवलेले, वाफवलेले किंवा शिजवलेले असतात. बर्फ नव्हता त्या काळातल्या एदोची ही टिकवण्याची रीत.

सॅमन मागू नका. कच्च्या सॅमनची सुशी रुळली ती १९८० च्या दशकात नॉर्वेने जपानमध्ये केलेल्या प्रचारानंतर, आणि जुन्या वळणाच्या काउंटरवर ती आजही बहुधा नसते. अखेरीस अंड्याची वडी येते. माहितीपटातल्या दाइसुके नाकाझावा या उमेदवाराला ती जिरोंच्या पसंतीला उतरेपर्यंत दोनशेहून अधिक वेळा करावी लागली होती. त्याच नाकाझावांच्या नावाचं सुशी काउंटर २०१३ पासून न्यूयॉर्कमध्ये आहे.

बिल खटकलं तर

जपानमध्ये आधी शांतपणे बिलाचा तपशील मागा. भाषेची अडचण बहुतेक वेळा इथेच सुटते, आणि जादा घास किंवा पाण्याची बाटली सापडते. तरी पटलं नाही तर पावती ठेवा. राष्ट्रीय ग्राहक व्यवहार केंद्राची परदेशी पर्यटकांसाठी वेगळी दूरध्वनी सेवा आहे, इंग्रजीत बोलता येतं. हॉटेलातून बुकिंग केलं असेल तर कन्सिअर्जलाच मध्ये घाला.

मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांतही आता जपानी काउंटर आहेत. ताजमहाल पॅलेसमधलं ‘वासाबी बाय मोरिमोतो’ २००४ पासूनचं. तिथे मात्र नियम आपले. बिलात आपोआप सेवाशुल्क जोडता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सेवाशुल्क काढायला सांगा. नकार मिळाला तर बिलाचा फोटो घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.